अंगाईतले दुःख ऐकणारा कवी

तारापूरचा किल्ला आणि केळवे-माहीमचे कोट पोर्तुगीजांचे, हे पालघर-बोईसरच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मात्र १५८० ते १६४० अशी साठ वर्षे पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचेच राजे होते, आणि म्हणून हा किनाराही त्यांच्याच मुकुटाखाली होता, हे सहसा ध्यानी येत नाही. त्या राजवटीचे मागे उरले ते पडके तट. स्पॅनिश भाषेतले दुःख मराठी रसिकापर्यंत पोहोचले ते फार उशिरा, आणि तेही एका कवीमुळे.

फेदेरिको गार्सिया लोर्का यांचा जन्म ५ जून १८९८ रोजी ग्रानादाजवळच्या फुएन्ते वाकेरोस या गावी झाला. वडील सधन जमीनदार, आई शिक्षिका. लोर्का हे आईचे आडनाव. जगाने कवीला त्याच नावाने ओळखले. घरात कशाची वाण नव्हती. दुःख आले ते मोलकरणींच्या आणि दायांच्या गाण्यांतून. पुढे १९२८ मध्ये माद्रिदला त्यांनी स्पॅनिश अंगाईगीतांवर व्याख्यान दिले. लेकराला निजवण्यासाठी या मुलखातल्या आया इतके उदास सूर का निवडतात, हा त्यांचा प्रश्न होता. ही गाणी गरीब बायकांनी रचली, त्यांना मूल म्हणजे कष्टांत आणखी एक भर, आणि त्याच बायका चाकरीच्या निमित्ताने ही गाणी श्रीमंतांच्या पाळण्यापाशी नेतात, असे त्यांनी मांडले. जात्यावरची ओवी कानावर पडलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

त्यांना व्हायचे होते पियानोवादक. संगीतगुरू १९१६ मध्ये निवर्तले आणि शिष्य लेखनाकडे वळला, तरी सूर सुटला नाही. १९२२ मध्ये संगीतकार मान्वेल दे फाया यांच्यासह त्यांनी अल्हंब्राच्या प्रांगणात अंदालुसियाच्या प्राचीन लोकगायनाची स्पर्धा घडवून आणली. जिप्सींच्या गळ्यातला तो फाटलेला, काळीज चिरणारा स्वर विझू नये, हा हेतू. १९२८ च्या जिप्सी-गाथांच्या संग्रहाने अमाप कीर्ती दिली. पण जिप्सी कवी हा शिक्का त्यांना जाचू लागला. बुन्युएल आणि दाली या वसतिगृहातल्या मित्रांनी १९२९ मध्ये केलेला चित्रपट आपली टवाळी करणारा आहे, असा समज त्यांनी करून घेतला. त्याच वर्षी ते खिन्न मनाने न्यूयॉर्कला गेले.

मायदेशी परतल्यावर नाटके आली. विद्यार्थ्यांची फिरती मंडळी घेऊन ते खेडोपाडी हिंडले. ‘येर्मा’ २९ डिसेंबर १९३४ रोजी माद्रिदला रंगभूमीवर आले. मुलासाठी झुरणारी आणि अखेर नवऱ्याचाच गळा आवळणारी ही स्त्री मराठीत ‘चांगुणा’ झाली. दिग्दर्शन जयदेव हट्टंगडी यांचे, भूमिका रोहिणी हट्टंगडी यांची. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, त्याच्या मधोमध सुफलतेची देवी पालघाट असते. या मुलखातल्या प्रेक्षकाला येर्माची तडफड परकी वाटण्याचे कारण नाही. ‘बर्नार्दा आल्बाचे घर’ या नाटकावरून गोविंद निहलानी यांनी ‘रुक्मावती की हवेली’ हा हिंदी चित्रपट केला, १९९१ मध्ये. बैलझुंजीत मरण पावलेल्या मित्रावरचा विलाप आम्हांला मात्र या नाटकांहूनही श्रेष्ठ वाटतो; तेथे शोकाला पात्रांचा आडपडदा नाही.

बर्नार्दाचा रंगमंचीय प्रयोग पाहणे लोर्कांच्या नशिबी नव्हते. जून १९३६ मध्ये ते नाटक लिहून झाले, जुलैत यादवी पेटली. उठावाच्या ऐन तोंडावर ते माद्रिद सोडून ग्रानादाला घरी आले होते. १६ ऑगस्टला ग्रानादाचे महापौर असलेल्या त्यांच्या मेहुण्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि त्याच दिवशी कवीला मित्राच्या घरातून पकडून नेण्यात आले. दोन-तीन दिवसांतच शहराबाहेरच्या टेकड्यांत त्यांना ठार करण्यात आले. वय ३८. सोबत एक शिक्षक आणि बैलझुंजीतले दोघे गडी होते.

पुढे आईवडील न्यूयॉर्कला गेले. १९४५ मध्ये वडिलांनी तेथेच देह ठेवला. त्याच वर्षी ब्यूनस आयर्सला बर्नार्दाचा पहिला प्रयोग झाला. २००९ मध्ये आल्फाकारजवळ जमीन खणून कवीचे अवशेष शोधण्यात आले. तेथे काहीही सापडले नाही.