दिवाडीच्या महाल्यांचा बिशप

मांडवीच्या पात्रात दिवाड नावाचे एक बेट आहे. त्याच्या एका अंगाला जुने गोवे, म्हणजे पोर्तुगिजांची एके काळची राजधानी. दुसऱ्या अंगाला डिचोली तालुक्यातील नार्वे हे गाव. पात्र होडीने ओलांडता येईल एवढेच. परंतु सोळाव्या शतकात या पाण्याने जितकी घराणी दुभंगली, तितकी एखाद्या मोठ्या लढाईनेही दुभंगली नसतील. याच बेटावर सुमारे १५९४ साली, महाले या आडनावाच्या एका ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यात, मातेउस द कास्त्रो याचा जन्म झाला. लॅटिन पंथाचा बिशप झालेला पहिला हिंदी माणूस म्हणून ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात त्याचे नाव आहे. आपल्याकडे मात्र ते फारसे कुणी घेत नाही.

त्याचे चरित्र समजावयाचे तर आधी त्या बेटावरील घरे समजून घेतली पाहिजेत. १५१० साली आल्फोन्सो द आल्बुकेर्क याने गोवे शहर जिंकले. पुढे १५४० पासून तिसवाडीतील देवळे पाडली जाऊ लागली. दिवाडीवर कदंबांचे आराध्यदैवत श्रीसप्तकोटेश्वर होते. तेही देवालय गेले आणि त्याचे लिंग भाविकांनी नदी ओलांडून नार्व्यास नेले. छत्रपती शिवाजीमहाराजांनी १६६८ साली ज्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, ते हेच. १५५९ सालापासून असे कायदे झाले की आई, बाप, आजा, आजी कुणीच न उरलेल्या हिंदू पोराला ख्रिस्ती पालकांच्या हवाली करावे, आणि मुलगा नसलेल्या घरात ख्रिस्ती झालेल्या मुलीस वा विधवेस वारसा मिळावा. १५६० साली इन्क्विझिशनची कचेरी उघडली आणि त्याच सुमारास दिवाडीवर मोठ्या जमावाने बाप्तिस्मे झाले. एक भाऊ देव घेऊन पलीकडे गेला, दुसरा जमीन आणि गावकारी सांभाळीत अलीकडे राहिला. मातेउस जन्मला तेव्हा या गोष्टीला उणीपुरी पस्तीस वर्षे झाली होती. घरातील वडीलधाऱ्यांना सारे लख्ख आठवत असणार.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या घराचा संसार कसा चाले, याचे चित्र त्या काळच्या कायद्यांवरून आणि गोव्यात टिकलेल्या रीतींवरून चांगले उभे राहते. बाप्तिस्म्यात पाद्र्याचे वा धर्मपित्याचे आडनाव मिळे, पण गावकारीच्या वांगडात जुने नाव चालूच राही. म्हणून कास्त्रो झाले तरी महाले हे महालेच राहिले. सोयरीक जातीबाहेर होत नसे. ब्राह्मणांतून आलेले ते बामण, क्षत्रियांतून आलेले ते चार्डो, आणि दोघांच्या पंक्ती वेगळ्या. लग्नात हळद गेली, पण वधूवरांच्या अंगाला नारळाचा रस लावण्याची रीत राहिली. चुडा भरणे राहिले आणि ओव्याही राहिल्या. पितरांचे श्राद्ध बंद झाले, तेव्हा लग्नाआधी मेलेल्या वाडवडिलांच्या नावाने भिकाऱ्यांना जेवू घालण्याची चाल पडली. भाताची पहिली लोंबी जी पूर्वी देवळात जाई, ती आता चर्चमध्ये जाऊ लागली.

या सर्वावर इन्क्विझिशनची नजर होती आणि तिला माहिती पुरविणारे पुष्कळदा घरातलेच असत. साक्षीदाराचे नाव आरोपीस कळत नसे. त्यामुळे सासू सुनेला आणि धनी गड्याला भिऊन राही. १७३६ साली, म्हणजे पहिल्या बाप्तिस्म्यांनंतर पावणेदोनशे वर्षांनी, इन्क्विझिशनने एक लांबलचक जाहीरनामा काढला. लग्नात विडे, फुले वा हळद वापरू नये, ओव्या म्हणू नयेत, अळणी भात शिजवू नये, अंगणात तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर आणि बायांनी चोळी घालू नये, अशा मनाया त्यात आहेत. एवढी वर्षे लोटल्यावरही मनाई करावी लागली, यातच स्वयंपाकघराने काय काय जपले होते ते कळते. ज्यांना हा पहारा सोसवला नाही ते डिचोली, पेडणे या आदिलशाही मुलखात निघून गेले.

अशा समाजातून मातेउस वर आला. बार्देशात रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कनांची शाळा होती. तीत तो शिकला आणि पाद्री व्हावयाचे त्याने ठरविले. येथे त्याला पहिली ठेच लागली. नव्या धर्मात सर्व समान, असे बाप्तिस्म्याच्या वेळी सांगितले गेले होते. पण दीक्षा मागताच गोव्याच्या आर्चबिशपाने नकार दिला. एतद्देशीयांना दीक्षा द्यावयाची तर फार जपून, आणि वरच्या जागा तर मुळीच नाहीत, असा तेथील खाक्या होता. जेसुइट, फ्रान्सिस्कन आदी संघांची दारे त्यांना जवळजवळ बंदच होती. ज्या धर्मासाठी घराण्याने कुलदैवत सोडले, त्या धर्माच्या वेदीपाशी उभे राहण्याचा अधिकार मुलाला नाही, हे दुःख थोडे नव्हते.

मातेउसने थेट रोमची वाट धरली, तीही खुष्कीच्या मार्गाने. १६२५ च्या सुमारास तो तेथे पोहोचला. वेळ अनुकूल होती. पूर्वी पोपने हिंदुस्थानातील चर्चचा कारभार पोर्तुगालच्या राजाकडे सोपविला होता; राजाने चर्चे बांधावीत, पगार द्यावेत आणि बिशपांची नावे सुचवावीत, असा तो करार. आता रोमला त्याचा पश्चात्ताप होऊ लागला होता आणि १६२२ साली धर्मप्रसारासाठी रोमने आपले स्वतंत्र खाते उघडले होते. त्याचा चिटणीस फ्रांचेस्को इंगोली हा देशी धर्मगुरूंचा पक्षपाती होता. त्याला हा दिवाडीचा ब्राह्मण हवाच होता. रोममध्ये मातेउसचे शिक्षण पुरे झाले, १६३० च्या सुमारास त्याला दीक्षा मिळाली आणि पोपची पत्रे घेऊन तो गोव्यास परतला. गोव्याने त्या पत्रांना दाद दिली नाही. तो पुन्हा रोमला गेला. १६३७ साली त्याला बिशप करण्यात आले आणि आदिलशाही मुलखाचा धर्माधिकार देण्यात आला. पोर्तुगीज राजाच्या हक्काला धक्का लागू नये म्हणून त्याला क्रिसोपोलिस या दूरच्या एका प्राचीन नगराचे नुसते बिरुद दिले होते.

अंगावर बिशपाची वस्त्रे, पण आपल्या गावात पाय ठेवावयाची सोय नाही, अशी त्याची अवस्था झाली. मग त्याने डिचोली गाठली. मुसलमान सुलतानाच्या राज्यात, हिंदू वस्तीत, एका ब्राह्मण ख्रिस्ती बिशपाने चर्च बांधले आणि ठाणे दिले. ज्या तालुक्यात त्याच्या बेटाचा देव परागंदा होऊन राहिला होता, त्याच तालुक्यात परागंदा होऊन तोही राहिला. इतिहासाने साधलेला असा योग विरळाच.

डिचोलीत त्याने पाद्री होऊ इच्छिणाऱ्या गोमंतकीय ब्राह्मण तरुणांना दीक्षा दिल्या. गोव्याने त्या अवैध ठरविल्या. इथिओपियातून हाकलला जाऊन गोव्यात येऊन राहिलेल्या जेसुइट पॅट्रिआर्कने त्याच्या काळ्या कातडीवरून अत्यंत हीन शब्द लिहिले. मातेउसही काही सोशीक प्रकृतीचा नव्हता. १६५३ साली त्याने गोव्यातील ब्राह्मणांना उद्देशून त्यांच्यावरील अन्यायाचा आरसाच म्हणावा असे जळजळीत लिखाण केले. पुढच्याच वर्षी विजापूरच्या फौजेने बार्देश व साष्टीवर स्वारी केली, तेव्हा ती याच बिशपाने आणविली असा ठपका पोर्तुगिजांनी त्याच्यावर ठेवला. १६५८ साली तो कायमचा रोमला गेला आणि १६७७ मध्ये, ऐंशी वर्षे ओलांडून, तेथेच वारला. दिवाडीची माती त्याला लाभली नाही.

घराण्याची ओढ मात्र त्याने सोडली नाही. त्याचा पुतण्या तोमास द कास्त्रो हाही रोमच्या आश्रयाने बिशप झाला आणि मंगळूरकडे काम करून १६८४ साली तेथे वारला. डिचोलीच्या ठाण्यावर मातेउसच्या मागून कुश्तोदियु द पिन्यू हा दुसरा गोमंतकीय ब्राह्मण बिशप आला. काकामागे पुतण्या, ब्राह्मणामागे ब्राह्मण, ही आपल्या परिचयाचीच वहिवाट होय. येथेच या माणसाची मर्यादाही दिसते. गोऱ्यांनी त्याला रंगावरून अव्हेरले म्हणून तो आयुष्यभर झगडला, पण ज्या ब्राह्मणांसाठी तो झगडला त्यांच्यापलीकडील चार्डो, शूद्र यांचा कैवार त्याने घेतल्याचे दिसत नाही. बाप्तिस्म्याचे पाणी जातीच्या कुंपणापर्यंत पोहोचले आणि तेथे अडले.

तरीही त्याचे झगडणे वाया गेले नाही. त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांच्या आत गोव्यात देशी पाद्र्यांचा स्वतःचा संघ उभा राहिला. १६८७ साली सिंहलद्वीपास गेलेले आणि २०१५ मध्ये संतपदास पोहोचलेले जोजे वाझ हे त्याच संघाचे. पुढे १७८७ साली पिंटोंच्या कटात जे गोमंतकीय ख्रिस्ती पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उभे राहिले, त्यांचेही मूळ दुखणे बढतीतील पक्षपातच होते, आणि त्यांच्या पुढाऱ्यांत जोजे आंतोनियु गोन्साल्विस हा एक पाद्री दिवाडीचाच होता.

डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि तेथील हिंदूंना आपल्या देवांसह राहू देण्याचे वचन मिळाले. म्हणून या तालुक्यांत देवळे उभी आहेत आणि पलीकडे बेटावर चर्चे. आपल्यापैकी कित्येक घराणी पिढ्यान्‌पिढ्या मूळ गावापासून शेकडो कोस दूर राहिली आहेत आणि वर्षा-दोन वर्षांनी कुलदैवताला नारळ ठेवण्यासाठी कोकणात वा गोव्यात जातात. गाव सुटले तरी नाते सुटत नाही, हे त्यांना कुणी शिकवावयास नको. दिवाडीच्या महाल्यांचे दैवतही सुटले. पण आडनाव, सोयरीक, ओव्या, पितरांच्या नावाचे जेवण आणि पुतण्याला पुढे आणणारा काका, एवढे त्यांनी नव्या घरात नेले. धर्म बदलण्यास एक दिवस पुरला. घर बदलावयास मात्र अडीच शतकांचा पहाराही पुरा पडला नाही.