पुढच्यांच्या खाती जमा

पदवीनंतर किती कमावशील, असे घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला विचारतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, तेव्हा प्रश्न साहजिकच आहे. परंतु एलिझाबेथ ली हेझन या अमेरिकन संशोधिकेचे चरित्र वाचल्यापासून उत्तर देताना मी जरा अडखळतो.

हेझनबाईंचा जन्म १८८५ साली मिसिसिपी राज्यात, कापूस पिकविणाऱ्या घरात झाला. आईवडील लहानपणीच वारले. काका-काकूंनी त्यांना वाढविले. काही वर्षे शाळेत विज्ञान शिकवून, चाळिशी उलटल्यावर, १९२७ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे त्या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत लागल्या.

पेनिसिलीनसारखी औषधे जिवाणूंना मारीत, बुरशीला नाही. उलट जिवाणू हटले की रोग्याच्या तोंडात व आतड्यांत बुरशी माजे. तिच्यावर निर्धोक औषध हवे होते. हेझनबाई मातीतले सूक्ष्मजीव वाढवून बुरशीवर त्यांची परीक्षा घेत. गुण दिसला की बरणी टपालाने ऑल्बनीला, रसायनतज्ज्ञ रेचेल ब्राऊन यांच्याकडे जाई. ब्राऊनबाई त्यातले द्रव्य वेगळे काढून टपालानेच परत पाठवीत.

खरी कसोटी पुढेच होती. काचेच्या बशीत बुरशी मारणारी बहुतेक द्रव्ये प्रयोगशाळेतल्या प्राण्यांनाही विषारी ठरत. बुरशीबरोबर रोगीही दगावला, तर ते औषध कसले? अखेर १९४८ मध्ये व्हर्जिनियातील एका स्नेह्याच्या शेतातली माती फळाला आली. तिच्यातून दोन द्रव्ये निघाली. एक विषारी ठरले, दुसरे कसोटीला उतरले. १९५० मध्ये ते जाहीर झाले व न्यूयॉर्क राज्यावरून त्याला 'निस्टॅटिन' हे नाव मिळाले. १९६६ च्या महापुरानंतर फ्लॉरेन्समधल्या बुरसटलेल्या चित्रांनाही त्याने वाचविले.

पेटंटपोटी १ कोटी ३० लाख डॉलरांहून अधिक रक्कम आली. दोघींनी त्यातला एक डॉलरही स्वतःसाठी घेतला नाही. सारी रक्कम संशोधनाला दिली. नोकरीच्या पगारावर त्या समाधानाने राहिल्या. हेझनबाई १९७५ मध्ये निवर्तल्या.

आमच्या ताळेबंदात नावलौकिकालाही रुपयांत किंमत लावतात. या बाईंनी मात्र आपला सारा नफा पुढच्यांच्या खाती जमा केला. मला पोटासाठी कमवावे लागेलच. पण कमाईपैकी पुढच्यांच्या खाती किती टाकणार, हे पाहुण्यांनी विचारले नाही तरी मी स्वतःला विचारायला हवे.