खिळ्यांचा ओतारी, औषधाचा कर्ता : शंकर आबाजी भिसे

खेळाच्या मैदानावर एखाद्याचा गुडघा फुटला की आम्ही कपाटातील तपकिरी औषधाची बाटली काढतो. त्या औषधातील आयोडीन या द्रव्याशी एका मराठी संशोधकाचे आयुष्य निगडित होते. आदिलाबादच्या आमच्या विद्यार्थ्यांना त्यांची ओळख असावी, म्हणून हा अल्प प्रयत्न.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी कोळशापासून जळाऊ वायू काढणारे उपकरण तयार केले. पुढे ते इंग्लंडला गेले. तेथे दादाभाई नौरोजींनी त्यांच्या कल्पकतेवर विश्वास ठेवून त्यांना पाठबळ दिले. किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या कल्पनेबद्दल १८९७ साली त्यांना पारितोषिकही मिळाले.

छापखान्यातील खिळे झपाट्याने ओतणारे यंत्र हा त्यांच्या जीवनाचा ध्यास होता. परंतु यंत्र कितीही उत्तम असले तरी भांडवलावाचून ते बाजारात कसे यावे? निराश होऊन ते १९०८ साली स्वदेशी निघाले. नामदार गोखल्यांनी त्यांची रतन टाटांशी गाठ घालून दिली आणि टाटांच्या द्रव्यसाहाय्याने काम पुन्हा सुरू झाले. तोही उद्योग तगला नाही. तेव्हा भिसे अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्क येथे त्यांनी नव्याने डाव मांडला.

मध्यंतरी ते आजारी पडले असता एका औषधाने त्यांना गुण आला. त्यात काय आहे, याचा त्यांनी छडा लावला. ते आयोडीन निघाले. त्यातून त्यांनी स्वतःचे औषध सिद्ध केले. पुढे ते ॲटोमिडीन या नावाने प्रसिद्ध झाले. त्याविषयीचे त्या काळचे सारे दावे आज कोणी मान्य करणार नाही. परंतु आयोडीन जंतुनाशक आहे, हे निर्विवाद होय. ज्या यंत्रासाठी आयुष्य वेचले त्याने हुलकावणी दिली, आणि दुखण्यातून हाती आलेल्या औषधाने उतारवयात हात दिला! ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथेच त्यांचे निधन झाले.

ॲटोमिडीन या नावातच अणूचा उल्लेख आहे. द्रव्य तेच, पण ते कोणत्या रूपात द्यावे, हा प्रश्न आजही शास्त्रज्ञांपुढे आहे. आयोडीन पाण्यात फारसे विरघळत नाही आणि मद्यार्कात विरघळविले तर जखम झोंबते. म्हणून हल्ली ते एका बहुवारिकात बांधून हळूहळू मोकळे होईल असे करतात. चांदीचेही तसेच. एक सेंटीमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग अवघा ६ चौरस सेंटीमीटर. पण त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे कण केले, तर तो ६०० चौरस मीटर होतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालाखावा भाग! एवढ्या विस्तीर्ण पृष्ठभागावरून चांदीचे आयन सुटतात आणि जंतूंचा नाश करतात.

भिसे यांच्या हाती असे सूक्ष्म कण पाहण्याची साधने नव्हती. होती ती जिज्ञासा. गुण आला, एवढ्यावर समाधान न मानता तो कशाने आला, हे त्यांनी शोधले. आमच्या विद्यार्थ्यांनी पुढल्या वेळी ती तपकिरी बाटली पाहून डोळे मिटण्याऐवजी असाच प्रश्न विचारावा, एवढीच आमची इच्छा आहे.