जमशेटजी टाटा आणि एम्प्रेस मिलचा कामगार

नागपूरच्या जुम्मा तलावालगत, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळ, एका पारशी गृहस्थाने दलदलीची जागा घेऊन भराव घालण्यास आरंभ केला, तेव्हा शहरातील एका मारवाडी सावकाराने त्यास भांडवल देण्याचे नाकारले. सोने मातीत ओतणाऱ्यास पैसा देणे त्याला शहाणपणाचे वाटले नाही. माती टाकून सोने काढले गेले, अशी कबुली याच सावकाराने पुढे दिल्याचे सांगतात. ते गृहस्थ म्हणजे जमशेटजी नसरवानजी टाटा.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण संपवून ते वडिलांच्या व्यापारात शिरले. ज्या सट्ट्याच्या लाटेवर जैन समाजातील नामवंत शेठ प्रेमचंद रायचंद यांचे नाव मुंबईभर गाजत होते, ती लाट १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी संपताच ओसरली. कापसाचे भाव कोसळले. त्या वेळी जमशेटजी लंडनमध्ये होते आणि त्यांच्याजवळच्या हुंड्यांना किंमत उरली नव्हती. ते धनकोंना सामोरे गेले व सारी परिस्थिती त्यांनी उघड करून सांगितली. धनकोंनी त्यांच्यावरच व्यवहार निस्तरण्याचे काम सोपविले. भयाच्या प्रसंगी मन स्थिर ठेवण्याचा हा धडा त्यांना ऐन पंचविशीत मिळाला. पुढे कामगारांचे भय त्यांना चटकन उमगले, त्याचे मूळ बहुधा येथेच असावे.

कापूस, रेल्वे आणि कोळसा जवळ असल्यामुळे त्यांनी गिरणीसाठी नागपूर निवडले. १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलाची कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीस भारताची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना नेमले. बेझनजी रेल्वेच्या नोकरीतून आलेले; सूतगिरणीचा अनुभव शून्य. यंत्रांची माहिती शिकता येते, माणसे सांभाळण्याचा स्वभाव मात्र मुळात असावा लागतो, हे जमशेटजींनी ओळखले होते. आजही नेमणुका करताना नेमके उलटे पाहिले जाते.

आरंभ सुखाचा झाला नाही. काटकसरीने घेतलेली यंत्रे निकृष्ट ठरली, शेअरचे भाव उतरले. त्याच वर्षी वेतनदराच्या प्रश्नावरून कामगारांनी संप केला. भारतातील नोंद झालेल्या पहिल्या संपांत त्याची गणना होते. मालकाने दोष कोणावर ढकलावा, असा तो काळ होता. जमशेटजींनी यंत्रे बदलली आणि बेझनजींवरील विश्वास ढळू दिला नाही.

त्याहून मोठी अडचण हजेरीची होती. रोज सुमारे एकपंचमांश कामगार येतच नसत. कोष्टी विणकर, महार, आसपासच्या खेड्यांतील शेतकरी अशी ही माणसे. पेरणी, सणवार, घरचे कार्य, यापुढे गिरणीचा भोंगा त्यांना परका वाटे. पेढी वा संस्था चालविणाऱ्यास हा अनुभव नवा नाही. माणूस न सांगता गैरहजर राहिला की प्रथम क्रोध येतो, पाठोपाठ मान दुखावतो. या दोन कषायांच्या भरात घेतलेला निर्णय बहुधा दंडाचा किंवा काढून टाकण्याचा असतो. जमशेटजींनी तो मार्ग टाळून माणूस गिरणीत का रमत नाही, याचा विचार केला. म्हातारपणी कोण पाहील, हात यंत्रात सापडला तर घर कसे चालेल, ही धास्ती त्यामागे होती. १८८६ मध्ये त्यांनी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास प्रारंभ केला. भरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये आला आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ मध्ये, हे ध्यानात घेतले की त्या निर्णयाचे मोल कळते.

यासोबत गिरणीत हवा खेळती राहावी, उष्मा कमी व्हावा आणि आग विझविण्याची सोय असावी, यासाठी त्यांनी यंत्रणा बसविली. वार्षिक बक्षीस समारंभात चांगल्या कामगारांना सर्वांसमक्ष घड्याळे, सोन्याचांदीचे दागिने व रोख रक्कम मिळे. कुटुंबासाठी खेळ व मेळे होत. मानाची भूक गरिबालाही असते, हे त्यांनी जाणले होते. यात गिरणीचा लाभ होता, हे लपविण्याचे कारण नाही. कामाचे तासही त्या काळाच्या रीतीप्रमाणे प्रदीर्घच होते. तथापि हजेरी सुधारली आणि कामगार पिढ्यान्‌पिढ्या त्या गिरणीला आपली म्हणू लागले. १८८६ मध्ये मुंबईजवळ कुर्ल्याची बुडीत धरमसी मिल घेऊन त्यांनी स्वदेशी मिल उभारली. ती डबघाईला येताच त्यांनी मदतीस नागपूरचीच अनुभवी माणसे नेली आणि पैशासाठी एम्प्रेसचे आपले शेअर विकले.

पोलाद कारखान्याचे त्यांचे स्वप्न हयातीत पुरे झाले नाही. परंतु १९०२ मध्ये पुत्र दोराबजींना लिहिलेल्या पत्रात कामगारांच्या नगरीत रुंद रस्ते, सावलीची झाडे, क्रीडांगणे आणि सर्व धर्मांच्या उपासनास्थळांसाठी जागा ठेवण्यास त्यांनी बजावले होते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले.

बेझनजी, पुढे सर बेझनजी, त्यांच्या पश्चातही गिरणी सांभाळीत राहिले. १९८६ मध्ये गिरणी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. तिच्या जागेवर आता एम्प्रेस सिटी उभी आहे.