न पाहिलेल्या जगांचा चित्रकार : चेस्ली बोनस्टेल

रात्रीं निरभ्र आकाशाकडे पाहिलें म्हणजे तारे काय आणि ग्रह काय, आपणांस सारे ठिपक्यांसारखेच दिसतात. त्यांपैकीं एखाद्या ठिपक्यावर जाऊन उभें राहिलें, तर तेथून काय दिसेल, असा प्रश्न लहानपणीं पुष्कळांच्या मनांत येतो. परंतु मोठेपणीं बहुतेक जण तो विसरून जातात. ज्या एका गृहस्थांनीं हा प्रश्न आयुष्याच्या अखेरपर्यंत सोडिला नाहीं, त्यांचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

चेस्ली बोनस्टेल यांचा जन्म अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरीं १ जानेवारी १८८८ रोजीं झाला. चित्रें काढण्याचा नाद त्यांस बाळपणापासूनच होता. १९०५ सालीं, सतरा वर्षांचे असतां, ते हॅमिल्टन पर्वतावरील लिक वेधशाळा पाहण्यास गेले. तेथील मोठ्या दुर्बिणीचें भिंग ३६ इंच व्यासाचें होतें. त्या रात्रीं वेधशाळेंत त्यांनीं चंद्र पाहिला व शनिही पाहिला. काळ्या आकाशांत अधांतरीं राहिलेला तो पिवळसर गोल आणि त्याच्या भोंवतालचें तें कडें पाहून ते इतके वेडावून गेले कीं, घरीं येतांच त्यांनीं शनीचें चित्र रंगविण्यास घेतलें.

तें चित्र मात्र फार दिवस टिकलें नाहीं. १८ एप्रिल १९०६ रोजीं सॅन फ्रान्सिस्को शहरास भूकंपाचा भयंकर धक्का बसला आणि मागून जो वणवा पेटला, त्यांत शहराचा मोठा भाग भस्मसात् झाला. या तरुणाचें चित्रही त्या आगींत गेलें. चित्र जळालें, परंतु शनि मनांतून गेला नाहीं. पुढें जवळजवळ चाळीस वर्षांनीं त्यानें पुनः डोकें वर काढिलें. मधल्या काळांत बोनस्टेल यांनीं काय केलें, हें पाहण्यासारखें आहे.

ते न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत वास्तुशास्त्र शिकण्यास गेले. परंतु पदवी न घेतांच त्यांनीं विद्यापीठ सोडलें. हा भाग अनुकरणीय आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि विद्यापीठ सोडलें तरी त्यांनीं शिकणें सोडलें नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवावी. इमारतींचे आराखडे वाचून ती इमारत बांधून झाल्यावर कशी दिसेल, याचें हुबेहूब चित्र आधींच काढून दाखविणें, हा त्यांचा व्यवसाय झाला. न्यूयॉर्कमधील सुप्रसिद्ध क्रायस्लर इमारतीच्या दर्शनी भागाच्या कामांत त्यांचा हात होता. सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पूल बांधला जाण्यापूर्वीं तो कसा दिसेल, हें लोकांस त्यांच्या चित्रांवरून समजलें. जें अद्याप अस्तित्वांत नाहीं, तें मोजमापावरून डोळ्यांपुढें उभें करण्याची संवय त्यांच्या हातास अशी लागली.

पन्नाशी गांठतां गांठतां, १९३८ च्या सुमारास, ते हॉलिवूडमध्यें बोलपटांच्या धंद्यांत शिरले. बोलपटांत एखादें प्राचीन नगर दाखवावयाचें असल्यास तें सर्वच कांहीं बांधीत नाहींत. थोडा भाग खरा बांधावयाचा, उरलेला चित्रकारानें रंगवावयाचा, आणि दोन्हीं फिल्मवर अशीं जुळवावयाचीं कीं प्रेक्षकांस सांधा कळूं नये, अशी युक्ति असते. सन १९३९ चा ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ आणि १९४१ चा ‘सिटिझन केन’ या प्रसिद्ध बोलपटांसाठीं बोनस्टेल यांनीं अशीं चित्रें रंगविलीं. कॅमेरा एका जागेवरून दुसऱ्या जागीं गेला असतां तीच वस्तु किती लहान वा मोठी दिसेल, याचें सूक्ष्म ज्ञान त्यांस येथें मिळालें. तेव्हां त्यांच्या मनांत आलें कीं, जो हिशेब पॅरिसच्या देवालयास लागू पडतो, तोच शनीस कां लागू पडूं नये?

मग त्यांनीं शनीचे उपग्रह हेंच कॅमेऱ्याचें ठाणें मानिलें. एका उपग्रहावरून दुसऱ्यावर जातांना शनि कसकसा दिसत जाईल, याची त्यांनीं चित्रमालिका तयार केली. ती २९ मे १९४४ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकांत प्रसिद्ध झाली. त्यांतील टायटन या उपग्रहावरून दिसणारें दृश्य विशेष गाजलें. टायटनपासून शनि सुमारें १२ लक्ष किलोमीटर दूर आहे व त्याचा व्यास सुमारें १ लक्ष २० हजार किलोमीटर आहे. म्हणजे आपणांस चंद्र जेवढा रुंद दिसतो, त्याच्या सुमारें अकरा पट रुंद तेथून शनि दिसला पाहिजे. आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनीं हा हिशेब करून पाहावा. बोनस्टेल असे हिशेब केल्यावांचून कुंचला हातीं घेत नसत. हिमाच्छादित कड्यांमागें निळ्या आकाशांत शनीची मोठी कोर त्यांनीं अशी काढिली कीं, पाहणारास तें कल्पनाचित्र न वाटतां कोणी प्रवाशानें तेथें जाऊन घेतलेलें छायाचित्रच वाटावें.

यानंतर विज्ञानकथांच्या मासिकांचीं मुखपृष्ठें त्यांच्या चित्रांनीं सजूं लागलीं. १९४९ सालीं विली ले या लेखकासमवेत त्यांनीं ‘द कॉन्क्वेस्ट ऑफ स्पेस’ हें पुस्तक काढिलें. १९५० च्या ‘डेस्टिनेशन मून’ या बोलपटाची चांद्रभूमि त्यांच्याच कल्पनेची. १९५२ ते १९५४ या काळांत ‘कॉलियर्स’ या नियतकालिकांत अग्निबाणतज्ज्ञ व्हेर्नेर फॉन ब्राउन यांच्या लेखांस त्यांनीं चित्रें दिलीं. तोंपर्यंत चंद्रावर जाण्याची गोष्ट सामान्य मनुष्यास थट्टेची वाटे. ज्या गोष्टीवर आंकड्यांनीं विश्वास बसत नव्हता, तिच्यावर या चित्रांनीं तो बसूं लागला. पुढें याच फॉन ब्राउन यांच्या देखरेखीखालीं तयार झालेल्या अग्निबाणानें माणसें खरोखरच चंद्रावर गेलीं.

येथवरचें चरित्र यशाचें झालें. परंतु खरी परीक्षा पुढेंच आहे. १९५७ सालीं बॉस्टन येथील विज्ञान संग्रहालयासाठीं बोनस्टेल यांनीं चंद्राच्या पृष्ठभागाचें एक भव्य चित्र केलें. त्याची लांबी ४० फूट व उंची १० फूट. त्यांत चंद्रावरील डोंगर उंच, तीक्ष्ण आणि सुळक्यांचे दाखविले होते. चंद्रावर वारा नाहीं, पाऊस नाहीं. तेव्हां डोंगर झिजणार कसे, असा त्यामागील तर्क. परंतु २० जुलै १९६९ रोजीं माणसाचें पाऊल चंद्रावर पडलें, आणि नंतरच्या यात्रांत तेथील डोंगरही जवळून पाहण्यांत आले. ते गोलसर व गुळगुळीत उताराचे निघाले! वारा-पाऊस नसला तरी आकाशांतून कोट्यवधि वर्षें पडत आलेल्या बारीकसारीक उल्काकणांनीं त्यांस घांसून काढिलें आहे. फ्रान्समधील लूसियाँ रुदो या खगोलवेत्त्या चित्रकारानें चंद्रबिंबाच्या कडेचें निरीक्षण करून बोनस्टेल यांच्या आधींच असे गोल डोंगर रंगविले होते. म्हणजे सत्य हातीं लागण्यासारखें होतें. पण सुळके अधिक मनोहर, आणि बोनस्टेल यांच्या मनानें सुळक्यांस कौल दिला. १९७० सालीं संग्रहालयानें तें भव्य चित्र भिंतीवरून उतरविलें.

टायटनच्या चित्राचीही तीच गत. १९८० सालीं व्हॉयेजर यान शनीजवळून गेलें, तेव्हां टायटनभोंवतीं नारिंगी धुक्याचें दाट आवरण आढळलें. १४ जानेवारी २००५ रोजीं हायगेन्स यान तेथें उतरलें, त्यासही निळें आकाश भेटलें नाहीं. अंतराचा हिशेब अचूक ठरला, पण आकाशाचा रंग चुकला.

चंद्राची बातमी आली तेव्हां बोनस्टेल ८१ वर्षांचे होते, टायटनची आली तेव्हां ९२ वर्षांचे. आयुष्याच्या संध्याकाळीं आपलें नांवाजलेलें काम चुकीचें ठरलेलें पाहणें, हा प्रसंग कोणासही कठीणच. पुष्कळ माणसें अशा वेळीं रुसून बसतात. बोनस्टेल चित्रें काढीतच राहिले. ११ जून १९८६ रोजीं कॅलिफोर्नियांतील कार्मेल येथें, वयाच्या ९८ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. त्या वेळीं त्यांच्या घोडीवर एक अपुरें चित्र होतें. आतां मंगळावरील एका विवरास व आकाशांतील एका लघुग्रहास त्यांचें नांव आहे.

बॉस्टनच्या भिंतीवरून उतरविलेलें तें चित्र फेंकून दिलें गेलें नाहीं. १९७६ सालीं तें वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय विमान व अंतराळ संग्रहालयाकडे गेलें. आमच्या मतें दोन्हीं गोष्टी योग्यच झाल्या. जेथें मुलें चंद्राची माहिती शिकण्यास येतात, तेथें चुकीचें चित्र ठेवूं नये, हें बरोबरच; आणि ज्या चित्रामुळें चंद्रावर जाऊन पाहावें अशी इच्छा लोकांस झाली, तें जपून ठेवावें, हेंही बरोबरच. आपण केलेला नकाशा हातीं घेऊन कोणी खरोखर प्रवासास निघाला आणि परत येऊन त्यानें त्यांतील चूक दाखविली, तर नकाशा करणाराचे श्रम वायां गेले असें कोण म्हणेल?

विद्यार्थिमित्रांनो, पहिलें चित्र आगींत गेलें व सर्वांत मोठें चित्र भिंतीवरून उतरलें; तरी हा हात थांबला नाहीं. वर्षअखेर परीक्षकाच्या लाल शाईनें भरलेली वही तुमच्या हातीं पडेल, तेव्हां या वृद्ध चित्रकाराची व त्याच्या घोडीवरील त्या अपुऱ्या चित्राची आठवण ठेवा, आणि वहीचें पुढचें पान उघडा.