बिशप लास कासास : आदिवासींचे कैवारी

अमेरिका खंडातील आदिवासींचे कैवारी म्हणून ख्रिस्तसभेच्या इतिहासात अमर झालेले बिशप बार्तोलोमे दे लास कासास यांचा जन्म १४८४ साली स्पेनमधील सेव्हिल येथे झाला. १५०२ साली ते कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटावर गेले. स्पॅनिश वसाहतवाल्यांना तेथे आदिवासींची सक्तीची मजुरी वाटून दिली जात असे. लास कासास यांनीही तो लाभ घेतला. धर्मगुरू झाल्यावरही क्यूबा बेटावर त्यांच्या ताब्यात असे मजूर होते.

१५११ साली डोमिनिकन व्रतस्थ अंतोनियो दे मोन्तेसिनोस यांनी या अन्यायावर प्रवचनातून कोरडे ओढले. परंतु लास कासास यांचे परिवर्तन त्या वेळी झाले नाही. १५१४ साली पेन्टेकॉस्ट सणाचे प्रवचन तयार करताना बेन सिराच्या ग्रंथातील चौतिसावा अध्याय त्यांच्या वाचनात आला. अन्यायाच्या कमाईतून वाहिलेले अर्पण देवाला मान्य नसते, ही शिकवण त्यांच्या जिव्हारी लागली. त्यांनी आपले मजूर सोडून दिले आणि १५ ऑगस्ट रोजी भर प्रवचनात तसे जाहीर केले.

पुढे ते डोमिनिकन संघात दाखल झाले. आदिवासी ख्रिस्ती असोत वा नसोत, त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे पोप तिसरे पॉल यांनी १५३७ साली घोषित केले. लास कासास यांनी राजदरबारी सतत पाठपुरावा केला. १५४२ साली सम्राट पाचवे चार्ल्स यांनी नवे कायदे करून आदिवासींना गुलाम करण्यास बंदी घातली.

चियापासचे बिशप झाल्यावर त्यांनी कठोर नियम केला : गुलामांना मुक्त करून लुबाडलेले परत केल्याशिवाय पापक्षमा नाही. वसाहतवाले खवळले. १५४५ साली सम्राटाने कायद्यातील महत्त्वाचे कलम मागे घेतले. १५४७ साली लास कासास स्पेनला परतले आणि १५५०-५१ मध्ये वायादोलिद येथे पंडित सेपुल्वेदा यांच्याविरुद्ध आदिवासींची बाजू त्यांनी मांडली.

त्यांच्या हातून एक गंभीर चूकही घडली. आदिवासींचे कष्ट कमी व्हावेत म्हणून आफ्रिकी गुलाम आणण्याची सूचना त्यांनी केली होती. पुढे त्यांनी तिचा पश्चात्ताप आपल्या इतिहासग्रंथात स्वहस्ते नोंदविला.

१८ जुलै १५६६ रोजी माद्रिद येथे त्यांनी देह ठेवला. पापनिवेदनास जाताना आपणही स्वतःला विचारावे : कोणाची मजुरी, कोणाची जमीन आपल्याकडे परत करावयाची राहिली आहे काय?