कोणासाठी लिहायचे, हे बाबासाहेबांनी आधी ठरवले



'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' आपल्या घरोघरी आहे. वंदनेनंतर आपण तो वाचतोही. पण तो घडला कसा, हे आपण मुलांना सांगतो का?

शाळकरी वयात भीमरावांना केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे कोलंबिया आणि लंडनचे शिक्षण झाले, महाडचा लढा झाला, संविधान झाले. त्यानंतर १९५१ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी हा ग्रंथ इंग्रजीत लिहायला घेतला.

हेतू आधीच पक्का होता. १९५० च्या एका लेखात त्यांनी तो मांडला होता. बौद्ध वाङ्मय अफाट आहे, सामान्य माणूस ते सगळे वाचू शकत नाही. त्याला एकच, हाताशी राहील असा ग्रंथ हवा. आता ग्रंथाची रचना पाहा. छोटी वाक्ये, क्रमांक घातलेले छोटे परिच्छेद. वाचक विचार करणारा आहे, हेही त्यांनी गृहीत धरले. एकोणतीस वर्षांच्या सिद्धार्थाने तोवर म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही. म्हणून गृहत्यागाचे कारण त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेल्या वादात दाखवले.

१९५१ च्या अखेरीस कच्च्या मसुद्याच्या मोजक्या प्रती छापून त्यांनी जाणकारांकडे अभिप्रायासाठी पाठवल्या. आपल्या आयटीच्या भाषेत, रिलीजआधीचा रिव्ह्यू! मग पुढची चार-पाच वर्षे फेरलेखन चालले. मधुमेहाने शरीर पोखरले होते, पाय साथ देत नव्हते, नजर मंदावली होती. नानकचंद रत्तू ऑफिस सुटल्यावर येऊन टाइप करत. वेळ कमी उरला होता, तरी घाईने काही उरकले नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. ५ डिसेंबरच्या रात्री, दिल्लीत २६ अलीपूर रोडवर, ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टाइप केलेले कागद त्यांनी उशाशी ठेवायला सांगितले. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले. छापील ग्रंथ त्यांनी पाहिला नाही. तो १९५७ मध्ये निघाला.

अष्टांगिक मार्गात सम्यक संकल्प आधी येतो, कृती नंतर. जयंतीचे भाषण असो, भीमगीत असो की मुलांचे नाटक, पुढच्या वेळी लॅपटॉप उघडण्याआधी आपण स्वतःला दोन प्रश्न विचारू या : हे कोणासाठी आणि कशासाठी? उत्तर मिळाले की मगच पहिली ओळ लिहा.

भवतु सब्ब मंगलं.